शंभराचा रोखा एकशे दहाला

मित्रांनो, कपाटावर मोडक्या पंख्याशेजारी जे काळे आकडेमोडीचे यंत्र दिसते, ते मी. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. सांभाळून घ्या.

एका कारागिराने माझे दाते कानशीने घासून जुळवले आणि मी काचेच्या कारखान्याच्या कचेरीत आले. तिथले हिशेबनीस रोज मला मऊ फडक्याने पुसत, मगच माझी मूठ फिरवत. "हे कधी थापा मारत नाही," असे ते कौतुकाने सांगत. मला फार बरे वाटे.

एके वर्षी कारखान्याने नव्या भट्टीसाठी दहा वर्षांचे कर्जरोखे विकले. व्याज बाजारापेक्षा जास्त होते, म्हणून शंभराचा रोखा लोकांनी एकशे दहाला घेतला. मुदतीनंतर परत मात्र शंभरच द्यायचे होते. मालक खूश झाले.

"वरचे दहा सरळ नफ्यात धरा. वाटून टाकू."

"मालक, तो नफा नव्हे," हिशेबनीस म्हणाले. "आपण जास्त व्याज देणार, म्हणून लोकांनी हे दहा आधीच भरलेत. दरवर्षी थोडे थोडे व्याजाच्या खर्चातून वजा करायचे. आज वाटले, तर पुढचे व्याज कुठून भरणार?"

"तुम्हाला आणि या यंत्राला, दोघांनाही तेल घालायला हवं!" मालक हसले. मग हळूच म्हणाले, "तुमचा धाकटा भाऊ भट्टीवर आहे ना? राहू द्यायचं ना त्याला कामावर?"

हिशेबनिसांनी माझी मूठ फिरवली. मी बेरीज बिनचूक दिली. त्यांनी ती नफ्यात लिहिली आणि सही केली.

पैसा मालकांच्या घरच्यांत वाटला गेला. पुढे काचेला गिऱ्हाईक कमी झाले, व्याज मात्र तेवढेच राहिले. ते भरता भरता आधी कोळसा कमी आला, मग पगार थकले. एका दुपारी भट्टी विझवली.

धाकटा भाऊ रिकामा डबा घेऊन कचेरीत आला.

"दादा, हे असं होणार, तुला माहीत होतं?"

"होय रे."

"मग सही का केलीस?"

"तुझी नोकरी राहावी म्हणून."

धाकटा दादाकडे न बघता निघून गेला.

मित्रांनो, त्यानंतर मला कुणी पुसले नाही. माझे दाते गंजले आहेत. जमले तर तेलाचा एक थेंब द्या. आणि एखादा हिशेबनीस 'हा पैसा पुढच्या वर्षांचा आहे' असे सांगत असेल, तर त्याच्या घरच्या माणसाचा विषय काढू नका. त्याचे बोलणे पुरे होऊ द्या.