कोल्हारला न वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मला फुंकण्याआधी जरा थांबा. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या अंगावर हिरवट डाग पडले आहेत आणि तोंडाशी एक पोचा आला आहे. एके काळी माझ्या एका हाकेवर अकरा जवान गडी धावता धावता जागच्या जागी थांबत. पण केडगावात माझं नाव निघतं ते मी वाजले म्हणून नाही. मी एकदा वाजले नाही, त्याची ही हकीगत आहे.

माझा जन्म मीरतचा. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाख दिला आणि पोटात बुचाची एक गोळी सोडली. शिट्टीचं सगळं शहाणपण त्या गोळीत असतं. ती नाचली तर शिट्टी बोलते, नाही तर नुसता वारा. तिथून मी नगरच्या छावणीत आले आणि हवालदार गनीभाईंच्या गळ्यात पडले. गनीभाई रणगाड्यावर ड्रायव्हर होते, पण जीव सगळा फुटबॉलात. पेन्शनीत निघाले तेव्हा साहेबांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? त्यांनी मला मागून घेतलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी गनीभाईंची स्वतःची होते.

केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि संध्याकाळी गावच्या तरुणांना गोळा करून फुटबॉल शिकवायला लागले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांच्या छातीवर काळ्या दोरीत लोंबकळत असे. माणसाच्या छातीवर राहिलं की त्याच्या मनातलं बरंच कळतं, तोंडातून निघायच्या आधीच कळतं.

गनीभाईंची एक शिस्त होती, लष्करी. सामन्याच्या दिवशी जेवण शिट्टीवर. अर्धी भाकरी, गुळाचा चहा, आणि मी वाजले की हात थांबला पाहिजे. घास तोंडाशी आलेला असला तरी खाली ठेवायचा. "भरल्या पोटानं बैल बसतो, पळत न्हाई," असं ते म्हणत. पोरं कुरकुरत, पण ऐकत. त्या शिस्तीवर आम्ही कितीतरी सामने जिंकलो.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. त्या कोरड्या उन्हात माझ्या पोटातली बुचाची गोळी चिरली आणि तिचा भुगा झाला. गनीभाईंच्या बायकोनं, खातूनबींनी, डबा खरवडून तुरीचा एक दाणा काढला आणि माझ्या पोटात सरकवला.

"सांभाळून फुंका," त्या म्हणाल्या. "घरातली शेवटची तूर हाय ती."

गनीभाई हसले. दुष्काळात घर असं चालतं, मित्रांनो. दाणा एक असला तरी तो कुणाला द्यायचा ते ठरवावं लागतं.

आमच्या संघातले सगळे गडी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पुढे खेळणारा सूर्यभान आणि गोलात उभा राहणारा गोरक्ष एकाच ढिगावर बसत. दुपारी सरकारी सुकडी मिळे, भरड्याचा कोरडा खाऊ. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, तीही मोजून. संध्याकाळी मैदानावर येत तेव्हा त्यांच्या हातांना फोड असत आणि केसांत दगडाची पूड. गनीभाईंनी पळायचे फेरे दहाचे सहा केले, मग चार केले. कुणाला बोलले नाहीत. मला फक्त कमी वेळा फुंकलं.

तरीही हा संघ जिंकत गेला. का जिंकला, मला विचाराल तर सांगता येणार नाही. पुढच्या माघात राहात्याला जिल्ह्याच्या कपाचा शेवटचा सामना ठरला. समोर एका साखर कारखान्याचा संघ. कप केडगावात कधी आलेला नव्हता. शिवाय बातमी अशी होती की चांगले खेळणारे दोघं-तिघं कारखान्यात कामाला घेणार. ही बातमी कुणी आणली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण खडीच्या ढिगावर ती रोज थोडी थोडी वाढत होती. गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब गनीभाईंना म्हणाले, "उस्ताद, आता सगळं तुमच्यावर हाय." आणि खरोखरच सगळं त्यांच्यावर टाकून आप्पासाहेब आपल्या कामाला लागले.

सामन्याच्या दिवशी मालट्रकमध्ये बसून निघालो. राहुरीच्या अलीकडे चाक बसलं. ते बदलून कोल्हारला पोचेपर्यंत एक वाजला. सामना साडेतीनला. कोल्हारला सूर्यभानची थोरली बहीण मनकर्णा दिली होती. चहापुरतं थांबायचं, असं ठरलं होतं.

मनकर्णानं चहा केला नव्हता. तिनं लापशी केली होती. प्रवरेच्या काठी पाणी थोडंफार टिकून होतं, तिच्या घरी गहू होता, गूळ होता. भाऊ सामन्याला येणार म्हणून तिनं आठ दिवस साय साठवून तूप केलं होतं. अंगणात पंगत मांडलेली, पत्रावळींवर लापशी, हरभऱ्याची आमटी, बाजरीच्या भाकरींची चळत. त्या वासानं ट्रकमधून उतरणाऱ्या गड्यांचे पाय क्षणभर थबकले, मग आपोआप वळले.

"मनकर्णा, बाई, पोरान्ला खेळायचं हाय," गनीभाई म्हणाले.

"मग खेळतील की. उपाशी खेळतील व्हय, उस्ताद? माझ्या दारातून उपाशी गेले तर लोक मला काय म्हनतील?"

गनीभाई म्हणाले, "बरं. पण शिट्टीवर." पोरांनी माना हलवल्या आणि ती बसली.

मित्रांनो, मी पुष्कळ पंगती पाहिल्या आहेत. अशी पंगत पाहिली नाही. चेष्टा नाही, मस्करी नाही. नुसता घासांचा आवाज. मनकर्णा वाढत होती आणि "माझी शपथ हाय, एवढं घ्या," म्हणत होती, पण शपथेची गरज नव्हती. सूर्यभान तिला नाही म्हणत नव्हता. गोरक्ष डोळे मिटून जेवत होता. एक भाकरी त्यानं हळूच घडी करून सदऱ्याच्या आत घातली. घरी त्याची बायको आणि तान्हं मूल होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं तेव्हा गनीभाईंच्या नजरेला त्याची नजर भिडली. गोरक्षनं मान खाली घातली. गनीभाई आकाशाकडे बघायला लागले, जणू तिथं ढग आहेत.

अर्धी भाकरी केव्हाच झाली होती. गनीभाईंनी मला उचललं. ओठांत धरलं. छाती भरून श्वास घेतला.

मी तयार होते. तुरीचा दाणा तयार होता.

तो श्वास आला तो माझ्या कडेनं, गरम आणि हळू. मला लागला, पण दाणा हलला नाही. गनीभाईंनी मला ओठांतून काढून सदऱ्याच्या आत टाकलं आणि मनकर्णाला म्हणाले, "त्याला वाढ गं अजून. त्या गोरक्षला."

राहात्याच्या मैदानावर काय झालं ते थोडक्यात सांगते. आमचे गडी पोटं घेऊन धावत होते. सूर्यभान एकदा मोकळ्या गोलासमोर आला आणि कूस धरून खाली बसला. पाच गोल झाले, सगळे आमच्यावर. शेवटचा गोल गोरक्षच्या पायांमधून गेला तेव्हा त्यानं वळूनही बघितलं नाही, तसाच उभा राहिला. गनीभाई रेषेवर उभे होते. छातीवर मला काहीच जाणवत नव्हतं. धडधड नाही, राग नाही. बंद दुकानात शिरावं तसं होतं.

चार दिवसांनी तालमीच्या ओसरीवर बैठक बसली. सगळं केडगाव आलं होतं, ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता तेही. मंडळातला रंगनाथ म्हणाला, उस्तादांनी पोरांना पळवून पळवून दमवलं. दुसरा म्हणाला, पळवलंच नाही, फेरे चारवर आणले, मी बघितलं हाय. चहावाल्या छगनचं म्हणणं असं की गोरक्षच्या जागी आपली म्हैस उभी केली असती तरी दोन गोल अडले असते, ती नुसती आडवी पडली असती तरी. लोक हसले. गोरक्ष हसला नाही. कारखान्यातलं काम, जे कुणी देऊ केलं नव्हतं, तेही गनीभाईंनी घालवलं असं ठरलं.

कोल्हारचं जेवण फक्त त्या अकरा जणांना आणि उस्तादांना माहीत होतं. अकरा जण भिंतीला टेकून बसले होते आणि जमिनीकडे बघत होते.

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. "उस्ताद, तुमचं काय म्हननं हाय?"

"चूक माझी हाय," गनीभाई म्हणाले.

"कोनती चूक? ती तर सांगा."

"माझी."

एवढंच. पोरं हावऱ्यासारखी जेवली, असं त्यांना गावासमोर म्हणायचं नव्हतं. त्या वर्षी भूक सगळ्यांच्याच घरी होती. ती कुणाच्या नावानं ओसरीवर मांडायची नसते. आणि मनकर्णानं आठ दिवस साठवलेल्या तुपावर बोट ठेवायचं, हे तर त्यांच्यानं झालंच नसतं.

"मग तुमी थांबलेलं बरं," आप्पासाहेब म्हणाले. "शिट्टी ठेवा इथं."

गनीभाईंनी दोरी मानेवरून काढली आणि मला टेबलावर ठेवलं. ती शिट्टी मंडळाची नव्हे, त्यांची स्वतःची आहे, हे कुणाला आठवलं नाही. त्यांनाही आठवलं नसावं.

मग मी टेबलाच्या खणात गेले. शिक्क्याची शाई, गंजलेल्या टाचण्या, जत्रेच्या जुन्या पावत्या आणि मी. सुरुवातीला वाट बघितली. मग वाट बघणंही थांबलं. खणात दुखत नाही, मित्रांनो. खणात काहीच होत नाही. एका रात्री पत्र्यावर पाऊस वाजला, तो मी ऐकला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पोटातल्या तुरीला दमट हवेत कीड लागली. तीही मी लागू दिली.

नवा उस्ताद आला. त्याची शिट्टी लाल प्लास्टिकची होती, आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी पीकपाणी बरं होतं, खडीचं काम बंद झालं होतं, गडी ताजे होते. तरी संघ पहिल्याच सामन्यात हरला. आणि त्याच ओसरीवर तीच बैठक बसली. मी खणातून ऐकत होते. जास्त पळवलं. कमी पळवलं. छगनची म्हैस पुन्हा आली. फक्त उस्तादाचं नाव बदललं होतं.

"चूक उस्तादाचीच," आप्पासाहेब म्हणाले, "मागच्या साली पन आन् यंदा पन."

"यंदाचं मला ठाव न्हाई," कुणीतरी म्हणालं. आवाज सूर्यभानचा होता. "मागच्या सालचं ठाव हाय. आमी जेवलो हुतो."

"म्हंजे?"

"कोल्हारला, माझ्या बहिनीकडं. पोट फुटंस्तवर जेवलो. सहा महिन्यांत तसं जेवलो नव्हतो. उस्तादांनी शिट्टी तोंडाला लावली हुती. मी बघितलं. त्यान्ला वाजवता आली न्हाई."

मग गोरक्षचा आवाज आला, "मी एक भाकरी घरी पन नेली हुती. त्यांनी बघितलं हुतं ते."

छगनला काहीतरी म्हणायचं होतं. त्यानं खोकून घेतलं.

मग खण उघडला. सूर्यभाननं मला काढलं आणि कुणाची परवानगी न घेता चालू लागला.

गनीभाई दुकानात उलट्या केलेल्या सायकलपाशी बसले होते. ते वाळले होते. सूर्यभाननं मला त्यांच्यासमोर फळीवर ठेवलं.

"उस्ताद, तवा आमी बोललो न्हाई."

गनीभाईंनी हात पुसले. "आज बोललास व्हय?"

"व्हय."

"कशाला बोललास? मनकर्णाच्या कानावर जाईल. तिला वाटंल तिच्या लापशीनं हरलो." मग ते म्हणाले, "चूक माझीच हुती, बाबा. शिट्टी माझ्या हातात हुती."

"परत तसंच झालं तर वाजवाल?"

गनीभाईंनी मला उचललं. उत्तर द्यायच्या ऐवजी ओठांना लावून फुंकलं. किडक्या तुरीचं पीठ उडालं आणि नुसता वारा आला. त्यांनी मला उलटं करून ठोकलं, पुन्हा फुंकलं. वारा.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

सूर्यभाननं मान हलवली, नाही अशी.

"आत जा. खातून वाढील. आन् बाकीच्यान्ला सांग, उद्या सांजच्याला मैदानावर या." मग ते पुन्हा सायकलकडे वळले. "जेवून या म्हनावं."

खातूनबींनी मला नवा दाणा दिला, पण आधीचा आवाज परत आला नाही. कप केडगावात अजूनही आलेला नाही. दोष गनीभाईंचा होता का, असं मला विचाराल तर मी होय म्हणेन, मी त्यांच्या ओठांत होते. आणि त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी ती चूक केली नसती, तर मला त्या माणसाच्या गळ्यात राहायला आवडलं नसतं.

मित्रांनो, वाजवून झालं की मला कोरड्या फडक्यानं पुसून ठेवत जा, दमट खणात टाकू नका. आणि कुणी हरून दारात आलं, तर चूक कुणाची ते सावकाश विचारा. आधी जेवलास का ते विचारा.