चिमूटभर कच्ची कणीक

"तुमच्या मालकांकडं बघितलं की पाव घ्यावा की नको, असं होतं हो," असं ती बाई माझ्या तोंडावर म्हणाली, आणि मी तिच्यासाठी काढलेला पाव परत फडताळात ठेवला. म्हटलं, मग नका घेऊ. पुढच्या चौकात एक गलेलठ्ठ पाववाला आहे, त्याच्याकडं जा, डोळ्यांना बरं वाटेल. बाई फणकाऱ्यानं निघून गेली. मागे भट्टीच्या दारात आमचे हे उभे होते आणि गालातल्या गालात हसत होते. गाल कसले, नुसती हाडं होती.

आपल्याच माणसाचं कौतुक करू नये म्हणतात, पण खोटं तरी कशाला बोलू? यांच्या हातच्या पावाला आसपास तोड नव्हती. बापाची भट्टी यांनी विशीत हातात घेतली आणि वाढवली. पीठ मळायला यंत्र आणलं, पण मीठ, पाणी आणि कणीक किती आंबू द्यायची हे सगळं यांच्या मनावर. त्यात कुणी नाक खुपसलेलं यांना चालत नसे. एका कामगारानं एकदा मीठ जास्त झालंय असं म्हटलं, तर त्याला दुसऱ्या दिवसापासून पोती वाहायला लावलं.

असा हा माणूस डोळ्यांदेखत झिजत चालला होता. खात नव्हते म्हणावं तर दोन माणसांचं जेवायचे. पण जेवून उठले की पोट फुगायचं, मुरडा यायचा आणि धावपळ सुरू. सासूबाई म्हणायच्या, याला खायला घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मी हट्टाला पेटले. आणखी खाऊ घालू लागले. भट्टीतला पहिला गरम पाव, दुधात बुडवून, सकाळ-संध्याकाळ. त्यानं तब्येत आणखीच ढासळली, आणि एक दिवस पिठाचं पोतं उचलताना हे मटकन खाली बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण पक्क्या. नळी घालून आतडं बघितलं, त्याचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला आणि मग आम्हाला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. घास तोंडात गेला की लाळेपासून काम सुरू होतं. जठर त्याला आम्लात घुसळतं, पुढे पित्त आणि पाचकरस येऊन त्याचे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण करतात. पण कण झाले म्हणजे अन्न अंगी लागलं असं नाही. ते लहान आतड्यातून रक्तात शिरावे लागतात. त्यासाठी आतड्याला आतून टॉवेलसारखे बारीक बारीक धागे असतात, तेच सगळं सत्त्व टिपून घेतात. "तुमच्या यजमानांचा टॉवेल पार झिजून चादरीसारखा सपाट झालाय," त्या म्हणाल्या. "काही टिपलंच जात नाही. सगळं वरून वाहून जातं."

झिजवला कुणी, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, गव्हानं. गव्हात ग्लुटेन असतं, ज्याच्यामुळं कणकेला ताण येतो आणि पाव फुगतो. काही जणांच्या शरीराला ते वैऱ्यासारखं वाटतं, आणि त्याच्याशी लढता लढता शरीर आपलंच आतडं खरवडून काढतं. औषध काही नाही, गहू सोडायचा, जन्मभर. यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पिठाचा जो गुण, तोच माझ्या मुळावर आला."

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. घरातून गहू हद्दपार केला. वेगळी भांडी, वेगळे डबे, वेगळी पळी. यांनी हूं की चूं केलं नाही. गावाला पाव खाऊ घालायचा आणि आपण भात-बटाट्यावर भागवायचं. मला वाटलं, आता महिन्या-दोन महिन्यांत अंग धरतील. कसलं काय. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. पुन्हा तपासणी झाली, तर टॉवेल सपाट तो सपाटच.

डॉक्टरबाई या वेळी जरा कडक आवाजात म्हणाल्या की कुणीतरी चोरून खातंय. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सांगितलं, माझा नवरा हेकट असेल, चोर नाही. पाव समोर वाफाळत असताना हा माणूस बोटसुद्धा लावत नाही, आणि तुम्ही खुशाल आरोप करता? बाई चिडल्या नाहीत. त्यांनी यांना सांगितलं की भट्टीचं दार उघडल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा, काही गाळू नका.

हे खुलले. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की यांची कळी खुलते. पोतं कसं फोडतो, पीठ कसं चाळतो, पाणी कोमट आहे का ते मनगटावर कसं बघतो, सगळं रंगवून सांगितलं. मग कणीक मळून झाली की चिमूटभर तोंडात, आणि मग—

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कच्ची कणीक तोंडात?"

"हो. मीठ, आंबटपणा कसा कळणार?"

"रोज?"

"प्रत्येक खेपेला. पण ते खाणं नव्हे, डॉक्टरबाई. ते चाखणं."

"आतड्याला तो फरक कळत नाही."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. इतकी वर्षं मी रोज ते बघत होते, आणि मलाही ते कधी खाणं वाटलं नव्हतं. पाव करणाऱ्याची जीभ म्हणजे आमच्यासाठी तराजूच, तराजू कधी जेवतो का? डॉक्टरबाईंनी समजावलं की आतड्याचं अस्तर बिचारं गुणी असतं, सतत नवं येत राहतं, फक्त त्याला कुणी छळायला नको. इथं रोजची चिमूट त्याला उभंच राहू देत नव्हती. शिवाय हवेत उडणारं पीठ नाकातून घशात आणि घशातून पोटात जातं. तेव्हा नुसती चिमूट सोडून भागणार नाही, भट्टीतही पाऊल टाकायचं नाही. नाही ऐकलं तर हाडं ठिसूळ होतील, अंगातलं रक्त कमी होईल, आणि जिवावरही बेतेल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, भट्टी सोडणार नाही. आपण चाखल्याशिवाय आपला पाव विस्तवात जाणार नाही, मग काय व्हायचं ते होवो. मी भांडले, भांडी आदळली. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मला पाव नको होता, माणूस हवा होता. तसं बोलूनही दाखवलं. तरी हे हटेनात.

सासूबाई बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जीभ काय तुला एकट्यालाच दिलीय? तुझ्या बापाला सर्दी झाली की सगळी कणीक मी चाखायचे. त्यानं कुणाला सांगितलं नाही, एवढंच." मग सुरी माझ्याकडं रोखून म्हणाल्या, "माझ्या जिभेला आता मीठ-साखर सारखंच. हिला शिकव."

यांनी शिकवलं, पण मागच्या अंगणात लांब स्टूल टाकून. मी दारात उभी राहून चिमूट जिभेवर ठेवायची आणि काय लागतं ते सांगायचं. मीठ लगेच कळतं, आंबटपणा मागाहून जबड्याच्या कडेला येतो, आणि कणीक नीट आंबली असली की शेवटी किंचित गोडवा उरतो. पहिल्या आठवड्यात माझ्या पावाला गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, मुरडा, नाकं तुमचीच आहेत. मी काही मागे हटणारी नव्हे. हळूहळू पाव जमला. आणि हळूहळू, अगदी हळूहळू, यांचं खाल्लेलं अंगी लागू लागलं. गळ्याखालची हाडं झाकली. चालताना धाप लागेना.

परवा सकाळी नवं पीठ आलं होतं. पाणी किती, मीठ किती, हे यांनीच अंगणातून सांगितलं, मी तसंच घातलं. मळून झाल्यावर हे दाराशी आले. सवयीनं यांचा हात कणकेकडं निघाला, अर्ध्यात थांबला आणि खाली गेला. मी चिमूट तोंडात टाकली. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं.

यांनी सांगितलेल्या मिठाला आजवर कुणी कमी म्हटलं नव्हतं.

"मग घाल," हे म्हणाले.

मी मिठाच्या डब्याला हात घातला. यंत्र पुन्हा फिरून पीठ उडायच्या आत यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.