हिस्टोस म्हणजे माग

पहिला काप. तुटला.

दुसरा. तोही.

प्रणालीनं काप काढायच्या मशीनचं चाक सोडलं आणि पाठ भिंतीला टेकली. स्टूल दुरुस्तीला गेलेलं, सकाळपासून उभीच. हा एकेचाळिसावा ठोकळा. मेणात पुरलेला तिळाच्या सालीएवढा तुकडा, वर नंबर, नाव नाही. नावाची तिला गरजही नव्हती. तिच्या बाबांच्या मानेतल्या, मोठ्या नसेला चिकटलेल्या गाठीचा तो तुकडा. गाठ कसली, ते यावरूनच कळायचं. इथं वाया गेला, तर मान पुन्हा कापायची.

जोडीची टेक्निशियन अंजू रजेवर. एसी बंद. मे महिना. नागपूर.

तिनं ठोकळा बर्फावर पालथा घातला आणि बाहेर आली.

*

बाबा, म्हणजे सगळ्यांचे भैयाजी, बाकावर. मानेला पट्टी, त्यावरून दुपट्टा. तीस वर्षं उमरेडला माग चालवला, आता वाडीच्या गोदामात वॉचमन.

"झालं का वं?"

"होऊन राहिलं."

"दारावर काय लिहून आहे ते? हिस्टो... पुढं मले नाही जमत."

"हिस्टोपॅथॉलॉजी. हिस्टो म्हणजे अंगातलं मांस-कातडं, जसं विणलेलं असते तसं. मूळचा ग्रीक शब्द, हिस्टोस. म्हणजे माग."

भैयाजी पाटीकडे बघतच राहिले. "आपला माग?"

"त्यांचा उभा राहायचा. उभं राहणं, त्यातूनच तो शब्द आला. बाया समोर उभ्यानं विणत."

"दिवसभर? थकत असतीन बिचाऱ्या." त्यांची नजर तिच्या सुजलेल्या पायांवर गेली. "आपण बरे. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसत होतो."

ती हसली नाही.

"तोंड काहून उतरलं तुहं?"

"तुटून राहिलं, बाबा. सलग निघतच नाही."

"कोरडं पडलं असंन. उन्हाळ्यात सूत असंच तुटे. खड्ड्यात पाणी शिंपून ओल धराव लागे. तेवढ्यानं नाही भागलं, त तुही माय ताण्यावर तोंडाची वाफ देये. हाः! सुताचे नखरे लय, पोरी."

*

तिसरा.

प्रणालीनं चाकाला खीळ घातली, वाकली, ओठ ठोकळ्याजवळ नेले.

हाः.

खीळ काढली. चाक. हळू. आणखी हळू.

पट्टी आली. एकाला एक चिकटलेले चार काप, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ब्रशनं उचलून तिनं ते कोमट पाण्यावर सोडले. सुरकुत्या आपोआप उलगडल्या. खालून काच सरकवली. ठोकळ्यात आता मेण उरलं होतं, नुसतं मेण.

काच रंगवली, डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवली. भिंगाखाली तिनं पाहिलं नाही.

*

"जमलं?"

"जमलं. उद्या चारला समजंन."

"कोणाचं होतं वं?"

"तुमचंच."

भैयाजींनी दुपट्टा नीट केला. पट्टीवर बोटं क्षणभर थांबली. मग ते बाकावर सरकले.

"बस. लय वेळची उभी आहेस."