नायलॉनचे दोन गुंडे

रामकुंडावरून वर येऊन मी स्कूटरची डिकी उघडली, तर फोनवर नऊ मिस्ड कॉल. माझी नात ईश्वरी बर्फाच्या गोळ्याने जांभळी झालेली जीभ स्कूटरच्या आरशात बघत होती.

शेवटचे आठ कॉल शेजारच्या शकुबाईचे होते. मी तिला फोन लावला.

"भाऊ, कुठं हाय तुम्ही?"

"पंचवटीत. काय झालं?"

तिच्या मागे बायकांचे आवाज येत होते. मग म्हणाली, "पोरगी बरुबर हाय ना? सावकाश या. आता घाई करू नका."

आठ वेळा फोन करणारी बाई घाई करू नका म्हणाली, तेव्हाच मला कळलं. मी डिकी लावली आणि ईश्वरीला विचारलं, "अजून एक गोळा खाती का?" असं का विचारलं, ते मला आजही सांगता येत नाही.

"नको आबा. आजी ओरडेल. एकच म्हणाली होती ती."

फोन डिकीत ठेवायचा नियमही माझ्या बायकोचा, नवसाबाईचाच. दोन वर्षांपूर्वी हातपाय धुताना माझा फोन कुंडात पडला. तेव्हापासून नदीवर जायचं तर फोन डिकीत.

एकलहऱ्याला आमच्या घरामागे दीड गुंठा जागा आहे. मी इथल्या थर्मल वीजकेंद्रात तेहतीस वर्षं फिटर होतो, बागेतलं मला काही कळत नाही. ते तिचं काम. सुट्टीला पुण्याहून आलेली ईश्वरी त्या दिवशी सहालाच उठून तिच्या मागे मागे फिरत होती. गिलक्याचे वेल हातभर झाले होते. नवसाबाईने एका वेलाचा तणावा तिच्या बोटाला लावून दिला.

"हालू नको. बघ, कसं बोट धरतंय."

ईश्वरी दहा मिनिटं बोट पुढे करून उभी राहिली. "आजी, नाही धरत."

"तुझ्या आबासारखंच हाय ते. सांगितल्याबरुबर करीत नाय."

मग मला म्हणाली, "हिला जरा फिरवून आणा. येताना सुतळीचे दोन गुंडे आणा, आज मांडव बांधू. बाराच्या आत या, पोरगी करपंल. अन् दुकानात तुमचं डोकं लावू नका."

आम्ही निघालो तेव्हा ती बादलीत पाणी भरत होती. सुतळी भिजवून बांधली की वाळल्यावर गाठ सुटत नाही, असं ती म्हणायची.

पंचवटीत दुकानदार म्हणाला, "काका, नायलॉनची न्या. दहा वर्षं बघायला नको." मला पटलं. जन्मभर लोखंडात काम केलेला माणूस मी. टिकाऊ म्हटलं की घेतो.

घरी आलो तेव्हा तिला पडवीत निजवलं होतं. पदराला ओली माती होती. ईश्वरी माझ्या कानात म्हणाली, "आबा, आजी दुपारची कधी झोपत नाही." मी हो म्हणालो. मागे वेलांजवळ बादली काठोकाठ भरलेली होती. बाजूला तिची एक चप्पल.

त्या रात्री महेश, माझा मुलगा, पुण्याहून आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, एका क्षणात हृदय बंद पडलं, त्रास झाला नाही. मी ऐकलं. पण नऊमधला पहिला कॉल तिचा होता, हे मी कोणाला सांगितलं नाही. अकरा वाजून बारा मिनिटं. शकुबाईला ती पडलेली दिसली साडेअकराला. तिने मला बोलावलं होतं आणि मी गोळ्याच्या गाडीपाशी उभा होतो, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन त्याच काठावर गेलो. उतरण्याआधी फोन महेशच्या गाडीत ठेवला.

पाचव्या दिवशी शकुबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा मी तिला सांगून टाकलं. "तिनं फोन लावला होता मला. बोलवत असंल. मी उचलला नाय."

"अवो, कुठलं बोलावणं!" तिने ताट खाली ठेवलं. "मी कुंपणापाशीच व्हते. मला म्हणली, ह्या माणसाला सांगते, तागाची आणा म्हणावं. नायलॉननं वेल कापतो. तुम्ही उचलला नाय, तर हसायला लागली. म्हणली, गेलं आता, नायलॉनच येतंय बघ घरी. मी चुलीवरचं दूध बघायला गेले, तेवढ्यात..." तिने पदर तोंडाला लावला.

मी उठून स्कूटरची डिकी उघडली. दोन हिरवे गुंडे तसेच होते. ईश्वरीने ते माझ्या हातातून घेतले, मागे पळत गेली आणि बादलीत टाकले. एवढ्या दिवसांत त्या बादलीला कोणी हात लावला नव्हता. उन्हाने पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

"आबा, ही बुडतच नाही."

तिने दोन्ही हातांनी गुंडे खाली दाबून धरले. हात काढला की ते परत वर यायचे.

"दुसरी आणू," मी म्हणालो.

त्याला आज तीन आठवडे झाले. ईश्वरी पुण्याला गेली. वेल जमिनीवरूनच कुंपणाकडे निघाले आहेत, एकाला फूल आलं आहे. तागाची सुतळी आणायची राहिली आहे.