समोरची ओळ

कामतघरच्या आमच्या चाळीजवळचा छोटा दवाखाना बंद करणार असं कळलं, तेव्हा माझ्या पायाच्या जखमेला सहावा महिना चालू होता. साखरेमुळे ती भरत नाही. एक दिवसाआड पट्टी बदलावी लागते. दवाखाना लांब गेला तर मी कशी जाणार?

"आजी, काळजी नको," नात धम्मदिना म्हणाली. "गुरुवारी अकराला पालिकेचे साहेब पाहणीला येतायत. सगळ्यांनी जमायचं म्हणून ग्रुपवर टाकलंय. तीनशे बारा अंगठे आलेत!"

मला वाटलं, आवतन पोचलं. आमच्या वेळी दाराशी आलेल्याला "येते" म्हटलं की बाई यायचीच. तिच्या नावाचा कप चहा आधणात धरायचा. मी मोठं पातेलं चढवलं.

गुरुवारी आम्ही चौघं. त्यातला विकी रिक्षावाला भाड्याची वाट बघत थांबलेला. साहेब चहा प्यायले. "माणसंच नाहीत, आजी. चालू ठेवायचा कोणासाठी?"

"माणसं लूमवर दिवसपाळीला आहेत ना, साहेब. पुढच्या गुरुवारी पाळी सुटल्यावर बघा एकदा."

माणूस बरा होता. हो म्हणाला.

"पण सगळ्यांनी लाइक केलं होतं!" धम्मदिना रडवेली झाली.

"परवा रक्तदानाच्या निरोपावर तूही अंगठा दाबलास. गेलीस?"

तिनं फोन पालथा ठेवला.

माझी मैत्रीण बकुळा हवी होती. पाण्याच्या मोर्चाच्या वेळी हाका मारायला चाळीची एक ओळ तिची, समोरची माझी. लूमच्या खडखडाटावरून तिचा आवाज चढायचा, "कमळे, हंडा घे नि निघ! नवरा हातानं वाढून घेईल!" आतून हसत बाई बाहेर. नळ आला तेव्हा पहिला हंडा तिनं मला भरू दिला. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

संध्याकाळी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधली नि दारोदार आवतन द्यायला निघाले. पहिल्या दाराशी हाक मारली आणि सवयीनं थांबले, समोरून तिची हाक येईल म्हणून. नुसते लूम वाजत होते.

मग समोरच्या ओळीतून बारीक आवाज आला, "काकी, आहात का?" धम्मदिना होती.

"मोठ्यानं गं! मशिनी चालू आहेत!"

तिनं दार ठोठावलं, पुन्हा हाक मारली. बकुळाची सर नव्हती. पण दार उघडलं.

"येते," आतली बाई म्हणाली.

मी मनात एक कप चहा वाढवला.