तीन पाण्यांनी धुतलेलं

हेमचंद्रने घरी बिअर करायचं मनावर घेतलं तेव्हा अरुणाला बरंच वाटलं होतं. नवरा कशात तरी गुंतला की घरातली माणसं जरा मोकळा श्वास घेतात, हा तिचा जुना अनुभव. आणि या उन्हाळ्यात तर घरात आप्पा होते.

आप्पा म्हणजे तिचे वडील, धोंडिबा. लोणंदचे. आई गेल्यावर अरुणाच्या भावाने त्यांची कॉट गॅलरीत टाकली, वर एक पत्रा ठोकला आणि बापाची सोय झाली असं जाहीर केलं. त्या गॅलरीत झोपून आप्पांना न्यूमोनिया झाला. मग अरुणाने फोनवर भांडून, रडून त्यांना इकडे कॅनडात, हॅलिफॅक्सला आणलं. व्हिसा लांबचा होता, पण परतीचं तिकीट ऑक्टोबरचं काढलेलं. ते रद्द करायचं की नाही, हे सगळं हेमचंद्रच्या मर्जीवर. सरळ ‘नाही’ म्हणेल तर तो हेमचंद्र कसला! तो ‘बघू’ म्हणायचा. त्या ‘बघू’ला धरून बापलेक सगळा उन्हाळा लोंबकळत होती.

जावयाच्या घरी राहायचं म्हणजे आप्पांना आधी स्वतःचीच लाज. त्यांच्या पिढीत माणूस लेकीच्या घरी पाणीसुद्धा बिचकत प्यायचा, आणि इथे तर बेसमेंटमध्ये मुक्काम ठोकलेला. म्हणून ते दिवसभर काहीतरी करत राहायचे. लॉन कापायचे, रीसायकलिंगच्या पिशव्या रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे, जावयाचे बूट पुसायचे. हो, बूट! अरुणाला ते बघवत नसे. पण थांबवतही नव्हती ती. बूट चमकले की ‘बघू’ जरा गोड आवाजात यायचं ना.

तुम्ही म्हणाल, एवढी कसली भीती नवऱ्याची? मारतो का? छे हो. हात सोडा, हेमचंद्र आवाजसुद्धा चढवत नसे. पुण्याचा इंजिनिअर माणूस, सगळं हसतहसत करायचा. एका विंटरमध्ये अरुणाने गाडीची काच धुवायचं वॉशर फ्लुइड चुकून इंजिनाच्या कूलंटच्या टाकीत ओतलं. झालं. त्या दिवसापासून प्रत्येक पॉटलकच्या पंगतीला, प्रत्येक गणपतीला तो किस्सा, हातवाऱ्यांसकट. डार्टमथपासून बेडफर्डपर्यंत सगळी मराठी मंडळी तिला ‘कूलंट वहिनी’ म्हणायला लागली. काल आलेली पोरंसुद्धा. ती एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर होती, चार माणसांत उठबस करायची, पण मराठी घरात पाऊल टाकलं की थेट स्वयंपाकघर गाठायची.

बिअरचं खूळ शिरलं ते गंधारमुळे. गंधार हेमचंद्रचा मॅनेजर, नागपूरचा. गॅरेजमध्ये बिअर करायचा आणि त्यावर तासभर बोलायचा. डब्यातलं तयार सिरप आणून बिअर करणाऱ्यांना तो ‘मॅगीवाले’ म्हणायचा. खरा माणूस म्हणे धान्यापासून करतो. हेमचंद्र मॅगीवाला कसा होईल? त्याने भलंमोठं पातेलं आणलं, थर्मामीटर आणला, आणि दुकानातून माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली, भरडलेली बार्ली आणली, पोतंभर.

“ही बॅच जमू दे,” तो अरुणाला म्हणाला, “गंधारला बोलावू. मग आप्पांचं तिकीट रद्दच करून टाकू.”

बघू नाही, रद्द! अरुणाने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

“उद्या मी उठायच्या आत ते माल्ट या कापडी पिशवीत भरून ठेव,” त्याने सांगितलं. “पिशवीसकट गरम पाण्यात सोडायचंय.”

सकाळी अरुणाने पोतं उघडलं. फुटके दाणे, टरफलं, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. शी! घरात आलेलं धान्य न धुता कुणी शिजवतं का? भाताचे तांदूळ धुतो, डाळ धुतो, आणि हे एवढं पिठाळलेलं तसंच टाकायचं? तिने सिंकमध्ये पातेली मांडली आणि थोडं थोडं करून सगळं माल्ट तीन पाण्यांनी धुतलं. पहिलं पाणी दुधासारखं निघालं, तिसरं नितळ. आप्पा टेबलाशी चहा पीत बसले होते.

“स्वच्छ निघालं की,” ते कौतुकाने म्हणाले.

आता तिला बिचारीला काय ठाऊक, की ती भुकटी म्हणजेच बिअरचा जीव! त्या पिठाची गरम पाण्यात साखर होते आणि साखरेची पुढे दारू. तो जवळजवळ सगळा ऐवज सिंकमधून गटारात गेला आणि मागे राहिली टरफलं.

हेमचंद्र खाली आला तेव्हा कानात हेडफोन, डोळे फोनवरच्या व्हिडिओत. “धुऊन ठेवलंय हं,” अरुणा म्हणाली. “थँक्स, थँक्स,” तो म्हणाला आणि पिशवी पाण्यात सोडली.

पुढे त्याने साखर मोजायची काचेची नळी बुडवली तर आकडा काही वर चढेना. पण चुकणारा हेमचंद्र नव्हे. “नळीच बोगस आहे,” तो म्हणाला. “ऑनलाइन मागवलं की असंच होतं.” मग ते पाणी उकळलं, त्यात कडू फुलं पडली, घरभर काढ्यासारखा वास सुटला. यीस्ट टाकून बादली बेसमेंटमध्ये गेली, आप्पांच्या पलंगाशेजारी. आप्पा रोज सकाळी वर येऊन बातमी द्यायचे, “जावईबापू, आज बुडबुडं जरा कमी हायेत.”

अरुणाला शंका आली ती ऑफिसात, लंचला. तिने फोनवर तोच व्हिडिओ लावला आणि सँडविच तोंडातच राहिलं. त्यातला दाढीवाला कुठेही धुवत नव्हता. तिने शोधलं, वाचलं.

संध्याकाळी आप्पांबरोबर चालायला गेली तेव्हा तिने सांगून टाकलं. आप्पांनी ऐकून घेतलं.

“मग सांग की त्याला.”

“नको आप्पा. तुम्हाला माहीत नाही तो कसा आहे. जन्मभर पुरवील.”

आप्पांना माहीत होतं. कूलंटचा किस्सा त्यांनीही चारचौघांत बसून ऐकला होता, लेकीकडे न बघता. “बरं,” ते म्हणाले आणि चालत राहिले.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी गंधार आणि त्याची बायको ऊर्मी आले. घरामागच्या लाकडी डेकवर खुर्च्या मांडल्या होत्या, आप्पा आतून गरम भजी आणून देत होते. हेमचंद्रने बाटल्या उघडल्या. ग्लासात पडला तो फिक्या चहाचा रंग. फेस आला आणि लाजून गेला.

गंधारने एक घोट घेतला. मग दुसरा घेतला, खात्री करायला.

“हेम, लेका, हे बिअर प्यायल्यावर ग्लास विसळलेलं पाणी आहे का रे?” आणि तो खो खो हसला. मग एकदम थांबला. “एक मिनिट. माल्ट धुतलं तर नाही ना कुणी? आमच्या सासूबाईंनी पहिल्या खेपेला तेच केलं होतं, तांदळासारखं!”

हेमचंद्र हसतच होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “अरुणा,” तो अगदी हळू, लाडात म्हणाला, “पिशवी तू भरली होतीस ना गं?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. अरुणाने तोंड उघडलं. सांगायचं होतं एवढंच, की मी धुतलं, आणि तुला सांगितलंही होतं. पण तिने नुसती समोरची बशी सरळ केली.

“मी धुतलं.”

आवाज दारातून आला. तिथे भज्यांची थाळी घेऊन आप्पा उभे होते. “रेशनचं धान्य असतंय तसं वाटलं, जावईबापू. धूळबीळ असंल म्हणून तीन पाण्यांनी धुतलं. माझी चूक हाय.”

“वा!” हेमचंद्रने टाळी वाजवली. “ऐका मंडळी! कॅनडात आलेलं पहिलं धुलाई केंद्र! आमचे सासरे!” गंधार पुन्हा हसायला लागला. हेमचंद्रने उठून एक ग्लास काठोकाठ भरला आणि आप्पांच्या पुढे धरला. “घ्या आप्पा. मेहनत तुमची, मान तुमचा.”

आप्पांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. थोरला भाऊ दारूपायी गेला, त्याच्या चितेपुढे त्यांनी शपथ घेतलेली. हे हेमचंद्रला ठाऊक होतं. लग्नात त्याच्या मित्रांनी आप्पांना आग्रह केला होता तेव्हा अरुणाने स्वतः त्याला सांगितलं होतं.

“जाऊ दे ना हेम,” ऊर्मी म्हणाली, “नसतील घेत ते.”

“अगं, गंमत. घरातलीच तर माणसं आहेत.” ग्लास तसाच पुढे.

आप्पांनी अरुणाकडे पाहिलं. मदत मागत नव्हते ते. नुसतं पाहिलं. आणि अरुणाला काय झालं कोण जाणे, की सगळं कळून उमजूनच झालं, ती हसली. चक्क हसली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “प्या ना आप्पा, पाणीच तर आहे. आणि कितीदा सांगितलंय, माझ्या किचनमध्ये हात घालत जाऊ नका म्हणून!”

आप्पांनी थाळी खाली ठेवली. ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि उभ्याउभ्या, औषध प्यावं तसा, सगळा पिऊन टाकला. गंधारने ‘वाह अंकल’ म्हटलं, पण ऊर्मी पर्स शोधायला लागली होती.

पाहुणे गेल्यावर हेमचंद्र ग्लास आवरता आवरता म्हणाला, “तिकीट आहे तसंच राहू दे. त्यांनाही इथे करमत नाही. उगाच काहीतरी उद्योग करत बसतात. पुढची बॅच आपण दोघं करू, तू आणि मी.”

“हो,” अरुणा म्हणाली.

ती खाली गेली. आप्पा वॉशरूममध्ये चुळा भरत होते, पुन्हा पुन्हा. बाहेर आले तेव्हा डोळे लाल. अरुणाने त्यांचे हात धरले आणि ढसाढसा रडायला लागली. “आप्पा, मी आत्ता वर जाऊन सांगते. सगळं सांगते.”

“काय सांगतीस?” आप्पांनी हात सोडवून घेतले. “मला जायचंय अरुणे. तुला हितंच नांदायचंय.”

तरी ती निघाली. जिन्याच्या अर्ध्यावर पोहोचली. वर हेमचंद्र फोनवर कुणाशी तरी बोलत होता. “अरे ऐक तर! आमच्या सासऱ्यांनी काय केलं माहितीये...” किस्सा आधीच घडीव झाला होता, जागच्या जागी हशे. अरुणा कठड्याला धरून उभी राहिली आणि तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. त्यात तिचं नाव कुठेच आलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. स्वतःचीच किळस आली तिला, पण पडायचा तो पडलाच.

ती खाली परत आली, डोळे पुसले, आणि पलंगाखालून आप्पांची बॅग ओढली. एकेक स्वेटर घडी घालून आत ठेवायला लागली.

“आत्ताच कशाला गं,” आप्पा म्हणाले, “अजून महिना हाय.”