न वाजलेल्या फोनवरचा आळ

मी एक जुना लष्करी फोन आहे. खाकी कापडाची पिशवी, काळं अंग आणि बाजूला फिरवायचं हँडल. मित्रांनो, मला देखणा म्हणू नका, पण खोटारडाही म्हणू नका. तेहतीस वर्षं माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलं आणि मला ब्र काढता आला नाही.

माझा जन्म रोमानियातल्या एका कारखान्यात झाला. तपासणीच्या बाकावरची बाई प्रत्येक फोनला "हॅलो, हॅलो, जेवलास का?" असं विचारायची आणि मगच पुढे पाठवायची. तिथून मी ब्रादेश्तीच्या छावणीत आलो. चिखलात राहिलो, बर्फात राहिलो. कर्नल सेव्हेर मुंतेआनु मला थोपटून म्हणायचे, "अख्ख्या पलटणीत हा एकटाच वेळेवर उत्तर देतो." तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग एकोणनव्वद सालचा डिसेंबर आला. दुपारचे चार वाजले होते आणि ब्रादेश्तीचा चौक माणसांनी भरला होता. त्यांना पाव हवा होता, घरात ऊब हवी होती आणि तोंड उघडायची मोकळीक हवी होती. कर्नलसाहेबांनी माझं हँडल तीनदा फिरवलं. वरच्या कचेरीत कुणीच उचललं नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत बसले. मी वाजलो नाही. शेवटी ते उठले, बाहेर गेले आणि त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. सतरा माणसं गेली. त्यांत सावेताबाई नावाच्या एका आईचा एकोणीस वर्षांचा मुलगा डोरिनही होता, पावाच्या रांगेतून निघून चौकात आलेला.

राजवट बदलली, खटला भरला गेला. साहेबांनी जबाब दिला, "फोनवर वरून हुकूम आला." मी? मी तर मुका होतो. फार राग आला मला त्या दिवशी.

खटला काही चालेना. कधी फाईल सापडायची नाही, कधी न्यायाधीश निवृत्त व्हायचे, कधी साहेबांचा रक्तदाब वाढायचा. निवृत्तीनंतर साहेबांनी मला घरी आणलं आणि दारापाशी चपलांच्या फळीवर ठेवलं. माझ्यावर किल्ल्या पडायच्या, एकदा तर ओले मोजेही वाळले. वकील तिथेच बूट चढवता चढवता म्हणायचे, "साहेब, हुकूम वरून आला, एवढंच धरून ठेवा. वरचे सगळे मेलेत, उलट कोण बोलणार? आणि कोर्टात तुम्ही नुसतं खोकत राहा."

साहेब खोकत राहिले. घरात मात्र त्यांना खोकला नव्हता. तासन् तास माझ्यासमोर स्टूल घेऊन बसायचे. खरं सांगतो, तेव्हा माझा राग टिकायचा नाही.

डोरिनची आई सावेताबाई साहेबांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. दर डिसेंबरात त्या मुलाच्या नावाने गहू शिजवायच्या, त्यात साखर आणि अक्रोड घालून दारोदार वाटी द्यायच्या. वाटी घेणाऱ्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. आमच्या दारात वाटी घ्यायला नेहमी साहेबांच्या पत्नी यायच्या. त्या वारल्या, आणि त्या डिसेंबरात दार साहेबांनी उघडलं.

"लिफ्ट बंद आहे, कर्नलसाहेब. चार मजले चढून आलेय, घ्या."

साहेबांनी वाटी घेतली.

"म्हणा की. सगळे म्हणतात."

"मला नाही म्हणवत, सावेताबाई. त्या पोराला कशाची क्षमा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा वाजलाच नव्हता. कुणी काही सांगितलं नव्हतं मला."

सावेताबाई चपलांशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"मला वाटायचं, वर कुणी राक्षस बसला असेल," त्या म्हणाल्या. "आणि मी दर वर्षी राक्षसाच्याच दारात वाटी देत होते?"

साहेबांनी वाटी फळीवर माझ्या शेजारी ठेवली.

"मला एकटीला सांगून पळवाट काढू नका. सतरा घरं आहेत. सोमवारी तारीख आहे, तिथे सांगा."

"वकील म्हणतात, खोकत राहा."

"मग खोकत खोकत सांगा."

सोमवारी साहेब मला पिशवीत घालून कोर्टात घेऊन गेले. वकिलांनी डॉक्टरांचा दाखला पुढे केला. न्यायाधीशांनी कॅलेंडर चाळलं आणि म्हणाले, "पुढची तारीख चौदा मार्च." साहेब उठले. "मला आजच बोलायचंय."

"मार्चमध्ये बोला, आजोबा. आज कामकाज संपलं."

साहेबांनी न्यायाधीशांकडे पाठ केली. मला बाकावर ठेवलं आणि मागे बसलेल्या सतरा घरांच्या माणसांना सगळं सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "मग हुकूम कुणाचा होता?"

"माझा," साहेब म्हणाले. एकदाही खोकले नाहीत.

फेब्रुवारीत ते वारले. आरोपीच नाही म्हणून खटला बंद झाला. त्या बाकावरून मला कुणी परत नेलंच नाही; मी आता कोर्टाच्या कोठीत धूळ खात पडलो आहे. कोर्टाच्या वहीत त्या सोमवारखाली 'कामकाज तहकूब' एवढंच लिहिलं आहे. खरं काय ते फक्त त्या माणसांना माहीत आहे, आणि तीही एकेक करून कमी होत आहेत. म्हणून मित्रांनो, माझी धूळ नंतर पुसा. आधी ब्रादेश्तीत जा, त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. सावेताबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. लवकर जा.